हस्तकलेची आवड: एका वाकळेचं प्रकरण

बँकेत चौतीस वर्षं मी कर्जप्रकरणं तपासली. आधी अर्जदाराचं म्हणणं वाचायचं, मग कागद बघायचे, मग स्थळपाहणीला जायचं. बहुतेक वेळा स्थळपाहणीत वेगळंच काहीतरी निघतं. हे प्रकरण माझ्या आईचं आहे. अर्जदार आम्ही तिघं भावंडं. कागद जवळजवळ नाहीतच.

आई गेली २०२३ च्या कार्तिकात. वर्ष भरत आलं तेव्हा पुण्यस्मरणाच्या पत्रिकेसाठी पुतण्यानं मजकूर तयार करून घरच्या ग्रुपवर टाकला. वरती विठ्ठलाचं चित्र, खाली आईचा फोटो आणि त्याखाली ओळ: ‘धार्मिक वृत्ती, कुटुंबवत्सल स्वभाव आणि हस्तकलेची आवड.’ खोटं त्यात काहीच नव्हतं. मीही अंगठा उमटवला, आईसारखाच, फक्त मोबाइलवर.

त्याच आठवड्यात वाकळेचं निघालं. नसतं निघालं तर ती ओळ तशीच छापून आली असती.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या माण तालुक्यात गोधडी कुणी म्हणत नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, चारी बाजूंनी धावदोरा घालत शिवलेलं जाड पांघरूण. आई शेवटची दोन वर्षं ज्या वाकळेवर निजली तीच ही. आमच्याकडे ज्या अंथरुणावर माणूस जातं ते घरात ठेवत नाहीत, नदीला सोडतात. थोरला भाऊ माळकरी, रीतीला पक्का. सावडायच्या दिवशी त्यानं बाकीचं सगळं अंथरूण बांधलं, पण वाकळ सापडेना. आक्कानं ती रात्रीच शेजारच्या घरात नेऊन ठेवली होती. तिसऱ्या दिवशीच्या त्या गर्दीत दोघांचं जे झालं ते इथं लिहीत नाही. आक्काचं एकच वाक्य लिहितो: “नदीला सोडायची म्हणतोस, पण माणगंगेला पाणी हाय का सोडायला?” नदी तेव्हा कोरडीच होती. तोड म्हणून वाकळ माझ्याकडे पुण्याला आली.

मी काय केलं? धुतली, वाळवली, डांबराच्या गोळ्या घातल्या, प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधली आणि माळ्यावर टाकली. पावसाळा गेला. दिवाळीच्या साफसफाईत काढली तर एका कोपऱ्याला बुरशी धरलेली, हिरवट काळे ठिपके, कुबट वास. सुती कापड प्लास्टिकमध्ये कोंडायचं नसतं. आत राहिलेली ओल बाहेर जात नाही आणि सात थरांच्या मधली ओल तर हाताला कळतसुद्धा नाही. मला वाळलेली वाटली ती वाकळ आतून दमट होती. तारण सांभाळणं हेच ज्याचं काम होतं त्याच्याच घरात हे झालं. दोन दिवस उन्हात उलटसुलट करून कोरड्या ब्रशनं झाडली. (आता ती धुतलेल्या धोतरात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवतो, आणि दर दोन महिन्यांनी घडी बदलतो. घडी एकाच जागी राहिली की तिथं कापड चिरतं.)

बुरशीचा कोपरा मात्र आतपर्यंत गेला होता. तो उसवल्याशिवाय इलाज नव्हता. दीडेक वीत उसवला आणि आत बघितलं.

कागद

आधी आईची नोंद. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४०. ज्यांना तारीख माहीत नाही त्यांना मिळते ती तारीख. माझी शाळेतली १ जून, तीही गुरुजींची देणगी. आई स्वतः सांगायची ते असं: पत्री सरकार होतं तेव्हा ती शेळ्या वळायची, आणि गांधीबाबांना मारलं त्या उन्हाळ्यात तिचं लगीन झालं. सातारा जिल्ह्यातलं प्रतिसरकार १९४३ ते १९४६, गांधींची हत्या ३० जानेवारी १९४८. लग्नात ती तेरा-चौदाची असेल तर जन्म १९३४ च्या आसपास. म्हणजे गेली तेव्हा नव्वदीला टेकलेली होती. कार्डावर ती सहा वर्षांनी लहान होती आणि त्याचा तिला भारी आनंद होता.

आबा मुंबईला गिरणीत. वर्षातून दोनदा गावी, एकदा जत्रेला आणि एकदा पेरणीला. बाकी घर तिचं. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, सुकडी आणली. हे आम्हाला ठाऊक होतं, कारण ती ते हसत सांगायची. १९८२ चं मात्र ती काहीच सांगायची नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आबा बिछाना आणि पत्र्याची पेटी घेऊन गावी आले ते आलेच. मी तेव्हा सातारला कॉलेजात, वसतिगृहात होतो. दर महिन्याला मनिऑर्डर यायची. कधी साठ, कधी चाळीस. पाठवणाऱ्याच्या जागी आबांचं नाव. मी समजलो, आबांचा फंड असेल. विचारलं कधीच नाही. वीस वर्षांच्या पोरानं मनिऑर्डरचा उगम विचारायचा असतो हे मला बँकेत गेल्यावर कळलं.

आईच्या हातचं बाकीचं घरात बरंच आहे: काचमण्यांचं तोरण, नातवंडांच्या कुंच्या, दोन शिंकी, चुंबळी, आणि डबाभर वाती. कार्तिकात वातींचा नेम असायचा. कापूस मांडीवर घेऊन तळव्यानं वळायचा, बघता बघता ढीग. या सगळ्याला आम्ही आणि पाहुणे कौतुकानं ‘आईचा छंद’ म्हणत आलो. पुतण्यानं त्याला पत्रिकेसाठी नेटकं नाव दिलं, इतकंच.

स्थळपाहणी

उसवलेल्या कोपऱ्यात सात थर होते. वरचं हिरवं इरकल, ते आईचंच, त्याचा तांबडा पदर मला लहानपणापासून पाठ आहे. खालचा थर आबांच्या धोतराचा. टोकाला गिरणीचा निळा शिक्का अजून अर्धवट वाचता येतो. पाच थर मधले.

आक्कानं तेराव्याला बायकांना सांगितलं होतं की या वाकळेत आमचं सगळं घर आहे. माझं झबलं, दादाची खाकी चड्डी, तिचं पहिलं परकर-पोलकं. ऐकून सगळ्यांचे डोळे भरले, माझेही. वाकळेबद्दल आजकाल सगळे असंच बोलतात. एकेक तुकडा म्हणजे एकेक आठवण. पाच थर उजेडात धरल्यावर मला खाकी सापडली नाही. झबलं सापडलं नाही. सापडला तो चौकडीच्या लुंगीचा मोठा तुकडा, आणि आमच्या घरात लुंगी कुणी नेसत नाही. पांढऱ्या पटक्याचं कापड सापडलं. फुलाफुलांचं एक छीट, जे आक्कानं फोटो बघून साफ नाकारलं. आणि तिकोनी, वाकड्या कातरीच्या कडांचे कितीतरी तुकडे. त्यांना ना झिजलेपण, ना शिवण उसवल्याची भोकं. म्हणजे ते कधी कुणी अंगात घातलेलेच नव्हते. शिंप्याची कातरणं.

कर्जदार म्हणतो शेतात विहीर आहे, आणि आपण जातो तर खड्डा. अगदी तसं झालं मला.

मी वाकळ घेऊन गावी गेलो, काकीकडे. काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ, आता ऐंशीच्या पुढची. ऐकू कमी येतं, पण बोटं शाबूत. अंगणात वाकळ पसरली तर तिनं आधी वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बुरशीचं मी काही बोललो नाही. मग उसवलेल्या कोपऱ्यात दोन बोटं घालून एकेक थर चाचपत गेली.

“ही आतारमामूची लुंगी. हा धनगरवाड्यावरचा पटका. आन् ही शिंप्याकडची कातरनं, पोत्यानं आनायची तुजी आई.”

मी म्हटलं, “काकी, दुसऱ्यांची कापडं आपल्या वाकळंत कशी?”

काकी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लेका, तुला ठावं न्हाई? संपात तिनं गावाच्या वाकळा शिवल्या की. तुजी फी कुटनं आली आसं वाटलं तुला?”

व्यवहार असा होता: लुगडी ज्याची त्याची, दोरा आईचा. एका वाकळेला पंधरा रुपये आणि पायलीभर जोंधळं. शिवून उरलेला तुकडा शिवणारणीचा. त्या उरलेल्या तुकड्यांतून आणि शिंप्याच्या कातरणांतून आमच्या घरची पांघरुणं निघाली. दोन उन्हाळ्यांत आईनं किती वाकळा शिवल्या ते काकीला मोजून सांगता येईना. “आटवड्याला एक तर व्हायचीच,” एवढंच. पावसाळ्यात काम बंद, कारण वाकळ घालायला मोकळं अंगण लागतं. सकाळी शेणानं सारवलेल्या अंगणात पहिलं लुगडं ताणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर थर घालायचे, सुरकुत्या हातानं बाहेर काढायच्या, आणि कडेनं सुरुवात करून आत आत जायचं. मधेच सुरू केलं तर कापड कडेला गोळा होतं. घरची वाकळ असली की चार बायका चार बाजूंना बसत आणि गप्पांत ती होऊन जाई. मजुरीची वाकळ आई एकटी शिवायची. पंधरा रुपयांत चार वाटे कसे पडणार?

या सगळ्याचं गणित मी नंतर घरी केलं, सवयीनं. वाकळ सात फूट लांब, पाच फूट रुंद. टाक्यांच्या ओळींत अंतर सरासरी दीड सेंटिमीटर. म्हणजे एका वाकळेत साधारण २१६ मीटर धावदोरा. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी एकवीस हजारांवर टाके, आणि प्रत्येक टाका सात थरांतून. सुई ढकलायला तिच्याकडे अंगुस्तान नव्हतं, बोटाला चिंधी गुंडाळलेली असायची. सकाळी शाळेला निघालेल्या पोरांना थांबवून ती सुईत दोरा ओवून घ्यायची. एकदम सात सुया, लांब लांब दोऱ्याच्या, चिंध्यांच्या उशीला टोचून ठेवलेल्या. सातवी संपेपर्यंत शाळा सुटायची. दृष्टी गेल्यामुळे ती असं करते असं मी समजत होतो, पण मोतीबिंदू नंतरचा. वेळ वाचवायची युक्ती होती ती.

घड्याळ तिच्याकडे नव्हतंच. मोजायला हरिपाठ होता. तोंडानं चालू, हातानं टाका. “आज चार हरिपाठांत दोन बाजू झाल्या,” असं ती आबांना सांगायची, हे काकीनं सांगितलं तेव्हा मला ते ऐकल्याचं आठवलं. आम्ही पोरं म्हणायचो, आई दिवसभर देवाचं म्हणत बसते. ती मजुरीचे तास मोजत होती. देवाचंही म्हणत होती. ‘धार्मिक वृत्ती’ असं छापलं की यातलं एकच उरतं.

मग आमची कापडं गेली कुठं

हा प्रश्न मी काकीला शेवटी विचारला आणि प्रकरणाची दिशाच बदलली.

माउलींची पालखी आळंदीहून निघते, नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत नातेपुत्याकडे जाते. आमचं गाव त्या वाटेवर नाही, डोंगराच्या अलीकडे आहे. पण गावची दिंडी फलटणच्या मुक्कामाला पालखीला मिळते. आई पायी वारीला आयुष्यात एकदाच गेली, आबा वारल्यावर. वाकळ मात्र दरवर्षी गेली. ज्येष्ठात एक नवी वाकळ दिंडीच्या ट्रकमध्ये जायची आणि तिची मजुरी नसायची. ही गोष्ट आम्हाला माहीत होती. माहीत नव्हतं ते हे की त्या वाकळेत आई काय घालायची.

“त्यात कातरनं चालत न्हवती तिला,” काकी म्हणाली. “दुसऱ्याचा तुकडा न्हाई. आंगावरचं, घरचं, धुवून. तुमच्या चड्ड्या, आक्कीचं परकर, तिची लुगडी. देवाच्या वाटंला जातंय ते आपलं पायजे, म्हनायची.”

म्हणजे आमच्या घरात आम्ही आयुष्यभर गावाच्या चिंध्या पांघरल्या, आणि आमचं घर गेलं दिंडीत. माझं झबलं, दादाची खाकी, सगळं कुठल्या तरी ट्रकमध्ये पावसात भिजून, कुणा अनोळखी माळकऱ्याच्या पाठीखाली झिजून संपलं असेल.

या दिंडीच्या वाकळा ओळखायची एक खूण काकीनं सांगितली. उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याच्या तीन फुल्या. मी दिंडीच्या विणेकऱ्यांना भेटलो. ट्रकमधलं सामान मंदिराच्या खोलीत असतं. कुलूप काढून दिलं त्यांनी. तंबूचे बांबू, पातेली, ताडपत्र्या, आणि खाली वाकळांचा ढीग. तीन फुल्यांच्या दोन निघाल्या. एकीचं काही उरलेलं नव्हतं. दुसरी बरी होती, आईच्या शेवटच्या वर्षांतली, टाके वाकडेतिकडे गेलेले. तिच्या फाटक्या कडेतून एक खाकी पट्टी दिसत होती. दादाची चड्डी की माझी, की नातवाचा शाळेचा गणवेश, मला सांगता येणार नाही. खाकी सगळी सारखीच. मी ती मागितली नाही. विणेकरी म्हणाले, न्यायची असली तर न्या. मी घडी घालून परत ढिगात ठेवली.

दादाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे ती मजुरी करत होती आणि आपण तिला छंद म्हणत होतो.” दादा १९८२ मध्ये गावातच होता, सव्वीस वर्षांचा, शेती बघत होता. त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. माहीत असूनही तिकडे बघितलं नाही, असं झालं असावं. मीही तसाच. फरक एवढाच की मी सातारला होतो, त्यामुळे मला सबब बरी मिळते. आबांबद्दल आमच्यात कुणी काही बोललं नाही. संपाचा कामगार घरी बसलेला आणि बायको गावाच्या वाकळा शिवते, हे त्यांना कसं वाटलं असेल ते ठाऊक नाही. मनिऑर्डरवर त्यांचं नाव घालायचं कुणी ठरवलं, हेही नाही. पोस्टात पैसे भरायला तेच जायचे, एवढं काकी सांगते.

आक्का मात्र रागावली. तिला तिची गोष्ट हवी होती, झबल्याची आणि परकराची. “तू बँकेतला, तुला सगळ्यात हिशेबच दिसतो,” म्हणाली. तिचं म्हणणं मी टाकून देत नाही. वरचं इरकल आईचं आहे, खालचं धोतर आबांचं आहे, त्या दोघांच्या मध्ये सगळं गाव आहे. यावर तिनं नाक मुरडलं, पण वाकळ नदीला सोडायची नाही यावर तिघांचं एकमत झालं. दादानं रीत मोडली, आणि आपण रीत मोडली असं सगळ्यांना सांगतो.

पत्रिकेची ओळ बदलली. पुतण्या म्हणाला, ‘हस्तकलेची आवड’ काढून काय घालू? आम्ही खूप शब्द घालून बघितले. ‘कष्टाळू’ सगळ्यांनाच लावतात. शेवटी ‘वाकळा शिवून संपाच्या काळात घर चालवलं’ एवढं साधं वाक्य छापलं. ‘संपाच्या काळात’ म्हणजे कुठल्या, असं कीर्तनाला आलेल्या निम्म्या तरुणांनी विचारलं.

उसवलेला कोपरा तसाच होता. पुण्यस्मरणाच्या दुसऱ्या दिवशी काकीनं तो मागून घेतला. बुरशीचा भाग कापून काढला, तिथं आपल्या लुगड्याचा तुकडा घातला, नातीकडून सुईत दोरा ओवून घेतला. पाऊण तास लागला. तिचा टाका आईच्या टाक्याहून लांब आहे, कुठून कुठे शिवलं ते लगेच दिसतं. दोरा दातानं तोडून तिनं वाकळ माझ्याकडे सरकवली आणि हात पुढं केला.

मला कळेना. ती म्हणाली, “मजुरी?”

मी पाकीट काढलं. भाव काय ते मला माहीत नव्हतं. पाचशेची नोट दिली तर तिनं ती उन्हाला धरून बघितली, म्हणाली, “एवड्या कोपऱ्याला?” आणि पदराच्या गाठीला बांधली.